खणासारखी बाहेर येणारी खोली : शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीवरचं सरकतं घर

आमच्या जुन्या घरात एक शिसवी कपाट होतं. त्याच्या तळाशी हातभर खोल आणि चांगला रुंद असा एक खण होता. उन्हाळ्यात तो एका बोटाने उघडायचा. आषाढ लागला की मात्र उजवी कडी ओढली तर डावी बाजू अडून बसायची, आणि जोर करावा तसा तो अधिकच घट्ट व्हायचा. आजी म्हणायची, "जोर नको करूस. दोन्ही कड्या एकदम धर आणि सरळ ओढ."

पुढे कित्येक वर्षांनी एका जुन्या फोर्ड मोटारीचा फोटो पाहिला आणि पहिल्यांदा आठवला तो हा खण. मोटार होती मॉडेल टी, दोन माणसांची, १९१५च्या सुमाराची. आसनामागे एक लाकडी पेटी बसवलेली. बंद असताना ती फेरीवाल्याची सामानाची पेटी वाटावी एवढीच. दुसऱ्या फोटोत तीच पेटी उघडलेली होती. तिच्या पोटातून दुसरी पेटी मागे सरकून बाहेर आली होती, आत बिछाना दिसत होता, आजूबाजूला सामानाचे कप्पे होते. मोटारीच्या मागे चक्क एक छोटी खोली उभी राहिली होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गुस्ताव्ह द ब्रेटव्हिल यांनी ही रचना केली. नाव दिलं टेलिस्कोप अपार्टमेंट, म्हणजे दुर्बिणीच्या नळीसारखं एकातून एक निघणारं बिऱ्हाड. किंमत होती १०० डॉलर. तेव्हा फोर्डची दोन आसनी मोटार ३९० डॉलरला मिळत होती, म्हणजे हे घर मोटारीच्या साधारण चौथाई किमतीत येत होतं. फोर्डने १९१४ साली कारखान्यात दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली होती. त्या हिशेबाने हे घर २० दिवसांच्या मजुरीचं.

आज अमेरिकेत मोठ्या बसएवढी फिरती घरं असतात. मुक्कामाला थांबलं की बटण दाबायचं, भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना रुंद होतो. त्याला तिकडे स्लाइड-आउट म्हणतात. मी इथे सरकती खोली म्हणेन. हा अलीकडच्या श्रीमंती थाटाचा शोध आहे असं पुष्कळांना वाटतं. पण त्यातला प्रत्येक अवघड प्रश्न त्या शंभर डॉलरच्या लाकडी पेटीपुढेही होता, आणि तोही विजेची मोटर हाताशी नसताना. म्हणून ही यंत्रणा समजून घ्यायची तर जुन्या पेटीपासूनच सुरुवात करावी. सुताराच्या नजरेने पाहिलं की सगळं लख्ख दिसतं.

गाडी लहान, माणूस लांब

आधी गरज कुठून आली ते पाहू. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं. फेब्रुवारी ते डिसेंबर चाललेल्या त्या प्रदर्शनाला १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली. त्यातले काही मोटारीने आले होते, आणि तेव्हा ते साहसच होतं. लिंकन हायवे नावाचा देशभर जाणारा रस्ता १९१३ साली कागदावर आखला गेला होता, पण बराचसा कच्चाच होता. त्याच १९१५च्या ऑगस्टमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने मोटारींना दार उघडलं. योसेमिटीने दोन वर्षं आधीच उघडलं होतं.

रस्ते खुले होत होते, पण रात्री टेकायचं कुठे? हॉटेलं होती ती रेल्वे स्टेशनाजवळ, आणि धुळीने माखलेल्या, घामेजलेल्या कुटुंबाला तिथे शिरायला संकोच वाटायचा. मोटेल हा शब्दच अजून जन्मायचा होता. तो १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो गावात एका पाटीवर झळकला. तोवर उपाय एकच, जिथे अंधार पडेल तिथे गाडी कडेला घ्यायची आणि पथारी पसरायची.

पैसेवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टूरिंग लँडो नावाची गाडी मांडली. तिचं मागचं आसन मोडून पलंग व्हायचा, ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुण्याचं भांडं खाली यायचं, आणि ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन होता. १९१५ साली रोलंड काँकलिन या उद्योगपतीने तर ८ टनांची दुमजली बस बांधून न्यूयॉर्क राज्यातून कॅलिफोर्नियापर्यंत कुटुंबासह प्रवास केला. पण त्या गाड्यांत कोडं नव्हतं. जागा हवी, मोठी गाडी बांधा, झालं.

खरं कोडं मॉडेल टीवाल्यांपुढे होतं. या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच, १४२ सेंटिमीटर. इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचं. वजन ५५० ते ६५० किलो. आता यात झोपायचंय. पावणेसहा फुटी माणसाला पाय पसरायला १८० सेंटिमीटर लागतात. आडवं झोपावं तर गाडीची रुंदी पुरत नाही. उभं झोपावं तर लांबीतली पुढची सगळी जागा इंजिन, पाय ठेवायची जागा आणि आसन यांनी खाल्लेली. आसनाच्या पाठीपासून गाडीच्या शेपटापर्यंत उरते ती जेमतेम मीटरभर जागा.

कायम सहा फुटांची पेटी मागे लावली तर? मग अर्धी पेटी मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबकळत राहणार, आणि कच्च्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात आपटणार. म्हणून अट अशी ठरली : चालताना तीन फूट, थांबल्यावर सहा फूट. ही अट मला फार आवडते, कारण ती पुरवायला चैन कामाची नाही, डोकं लागतं.

मॉडेल टीचा एक गुण इथे उपयोगी पडला. तिचा सांगाडा म्हणजे शिडीसारखी पोलादी चौकट, आणि वरची बॉडी तिला बोल्टांनी जोडलेली. बोल्ट काढले की बॉडी मोकळी. फोर्ड कंपनी नुसती चॅसी, म्हणजे बॉडीशिवायचा सांगाडाही विकत असे. त्यामुळे गावोगावच्या सुतार-लोहारांनी या गाडीवर काय काय चढवलं याला मर्यादा नव्हती : मालाचे हौदे, दुधाच्या पेट्या, शववाहिकासुद्धा. घर चढवणं ही त्याच परंपरेतली गोष्ट. फक्त पेट्रोलची टाकी समोरच्या आसनाखाली होती. पेट्रोल भरताना बसणाऱ्यांना उठवून गादी उचलावी लागे. म्हणजे आसनाला हात न लावता जे काय करायचं ते त्याच्या मागेच.

बंद असताना सामान जातं कुठे?

सरकती खोली पाहिल्यावर मुलं हा प्रश्न पहिला विचारतात, आणि तोच बरोबर प्रश्न आहे. बाहेरची पेटी तेवढीच, आतली पेटी तिच्यात शिरलेली. मग पलंग, कपाट, भांडी कुठे गेली?

उत्तर असं, की सरकती खोली सामानाची घडी करत नाही, मोकळ्या हवेची करते. कोणत्याही खोलीत सामानापेक्षा रिकामी जागा जास्त असते. वावरायची जागा, पलंगाच्या वरची जागा, पाय हलवायची जागा. प्रवासात त्या रिकाम्या जागेचा उपयोग शून्य. सरकती खोली नेमकी तीच काढून टाकते. स्वयंपाकघरात एकात एक बसवलेली पातेली आठवा. पाच पातेली एका पातेल्याच्या जागेत मावतात, कारण त्यांच्या पोटात हवाच होती. पण एखाद्या पातेल्यात भात असेल तर त्यात दुसरं बसत नाही.

पेटीलाही हाच नियम लागू होतो. दोन्ही पेट्यांत सामान अशा ठिकाणी हवं की आत सरकताना एकाचं कपाळ दुसऱ्यावर आपटू नये. म्हणून पलंग एकसंध ठेवून चालत नाही, त्याचे दोन तुकडे लागतात, किंवा एक फळी दुसरीखाली सरकावी लागते. कपाटं भिंतीलगत पातळ हवीत. दोन पेट्यांनी लांबी दुपटीच्या जवळ जाते, तीन पेट्यांनी तिपटीच्या जवळ. मात्र पुरी दुप्पट किंवा तिप्पट कधीच होत नाही, कारण दोन पेट्यांचा थोडा भाग एकमेकांत अडकून राहावाच लागतो. तो किती, यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

आणखी एक तोटा लक्षात घ्यायला हवा. प्रत्येक आतली पेटी बाहेरच्यापेक्षा चहूबाजूंनी लाकडाच्या जाडीएवढी लहान. तिचा तळही तेवढाच वर. म्हणजे फरशीत पायरी येते आणि छत खाली उतरतं. आजच्या महागड्या गाड्यांत ही पायरी नाहीशी करायला वेगळी यंत्रणा लावतात. खोली पूर्ण बाहेर आली की ती थोडी खाली बसते. जुन्या पेटीत त्याची गरज नव्हती, कारण पायरीवर गादी टाकली की काम भागत होतं.

लोंबकळणाऱ्या खणाचं गणित

आता खण बाहेर आला. त्यावर माणूस झोपला. काय होईल?

घरातलाच खण घ्या. तो बहुतेक सगळा बाहेर ओढा आणि पुढच्या कडेवर हात टेका. खणाची पुढची कड खाली जाते आणि मागचं टोक वर उचलून कपाटाच्या आतल्या फळीला दाबतं. खण म्हणजे सी-सॉ, आणि कपाटाची चौकट म्हणजे त्याचा टेकू.

आकडे घालून पाहू. समजा सरकती पेटी १५० सेंटिमीटर बाहेर आली आणि ३० सेंटिमीटर आत अडकलेली राहिली. बाहेरच्या भागावर १०० किलो भार आहे, आणि तो सरासरी मध्यावर, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या तोंडापासून ७५ सेंटिमीटरवर. टेकूच्या एका बाजूला १०० गुणिले ७५. दुसऱ्या बाजूला ३० सेंटिमीटरवर तोल साधायचा, तर ७५०० भागिले ३०, म्हणजे २५० किलो. आतलं टोक २५० किलोच्या जोराने वरची फळी उचलायला पाहतं. तोंडाच्या कडेवर १०० आणि २५० मिळून ३५० किलो दाब पडतो. झोपलेला माणूस १०० किलोचा, आणि लाकडावर येणारा ताण साडेतीनशेचा! ॲशच्या लाकडाची चांगली चौकटही रोज एवढं सोसेल याची हमी कोण देणार?

यावरचा इलाज आपल्या बैलगाडीवाल्यांनाही ठाऊक होता. बैल सोडले की ते जुवाखाली किंवा शेपटाखाली टेकू लावतात. बाहेर आलेल्या पेटीच्या टोकाखाली एक घडीचा पाय सोडला की चित्र पार बदलतं. आता पेटी लोंबकळत नाही, दोन टोकांवर टेकलेली असते. मध्यावरच्या १०० किलोपैकी पन्नास पायावर, पन्नास तोंडाच्या कडेवर. आतल्या टोकाला उचलणारा जोर उरतच नाही. एका साध्या पायाने साडेतीनशेचे पन्नास झाले. यंत्रशास्त्रात इतका स्वस्त आणि इतका मोठा फायदा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

पायाचा दुसरा उपकार गाडीवर. मॉडेल टीला प्रत्येक आसावर एकच आडवी कमान होती, पाट्यांची. म्हणजे चार चाकांना चार वेगवेगळे पाटे नाहीत, डावी-उजवीकडे पसरलेली एकच धनुकली. अशी गाडी डुलते फार. दोन माणसं, मिळून १३० किलो, मागच्या आसाच्या एक मीटर मागे झोपली आणि पाय लावलेला नसला, तर मागच्या कमानीवर १३० नाही, १८१ किलो जादा येतात. वरचे ५१ किलो पुढच्या चाकांवरून उचलून मागे आणलेले असतात. शिवाय झोपेत कूस बदलली की खोली हलते. पाय जमिनीला टेकला की डुलणं थांबतं. ज्याने कधी होडीत झोपायचा प्रयत्न केलाय त्याला याची किंमत कळेल.

मात्र पाय मऊ जमिनीत रुततो. त्याच्याखाली फळी टाकावी लागते. आजही फिरत्या घरांच्या पायांखाली लोक लाकडाचे ठोकळे ठेवतात ते त्याचसाठी.

आजी जे सांगत होती

आता अडकण्याची गोष्ट. माझ्या मते सरकत्या खोलीतली ही सगळ्यांत सुंदर अडचण आहे, कारण तिच्यात जोर उपयोगी पडत नाही.

रुंद खणाची एकच कडी ओढली की खण किंचित तिरका होतो. तिरका झाला की त्याचे दोन विरुद्ध कोपरे बाजूच्या फळ्यांना दाबतात. दाब आला की घर्षण आलं. तुम्ही जास्त जोर केला की खण जास्त तिरका होऊ पाहतो, दाब वाढतो, घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणून जोर दुप्पट केला तरी खण तिथेच.

अडकणार की सुटणार हे दोनच गोष्टी ठरवतात. खणाची किती लांबी बाजूच्या फळ्यांमध्ये अडकलेली आहे, आणि तुम्ही मधोमध रेषेपासून किती बाजूला ओढताय. नियम असा : अडकलेल्या लांबीला घर्षणांकाच्या, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती घासतात ते सांगणाऱ्या आकड्याच्या, दुपटीने भागा. येणाऱ्या अंतरापेक्षा जास्त बाजूला ओढलंत तर खण अडलाच. लाकडावर लाकडाचा घर्षणांक ०.४ धरू. पेटी १२० सेंटिमीटर रुंद, म्हणजे कडेची मूठ मध्यापासून ६० सेंटिमीटरवर. अडकलेली लांबी ६० सेंटिमीटर असेल तर मर्यादा ६० भागिले ०.८, म्हणजे ७५ सेंटिमीटर. साठला धरून ओढलं, सरकेल. पण पेटी बाहेर येत गेली आणि आत ३० सेंटिमीटरच उरले, तर मर्यादा साडेसदतीस. आता तीच मूठ, तोच हात, आणि पेटी जागची हलणार नाही.

म्हणून सरकती खोली नेहमी शेवटच्या हातभर अंतरात रुसते. सुरुवातीला लोण्यासारखी येते आणि अखेरीस अडून बसते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की घर्षण वाढतं, मर्यादा आणखी खाली येते. आजीला हे गणित माहीत नव्हतं. दोन्ही कड्या एकदम ओढल्या की ओढ मधोमध येते, आणि मधोमध आलेल्या ओढीला तिरकं करायला काही उरत नाही, हे मात्र तिच्या हाताला माहीत होतं.

मॉडेल टीच्या पेटीत हे काम माणसांनीच करायचं होतं. १९१५ सालच्या गाडीला कंपनीकडून बॅटरी येत नसे. दिव्यांना वीज मिळे ती इंजिनाच्या चाकावरच्या मॅग्नेटो नावाच्या वीज निर्माण करणाऱ्या यंत्रातून, तीही इंजिन चालू असेपर्यंत. विजेचा स्टार्टर आला १९१९ साली. तोवर हँडल मारूनच गाडी सुरू करायची. अशा गाडीवरची खोली दोन हातांनी, फार तर नवरा-बायकोच्या चार हातांनी सरकली पाहिजे. साठ किलोची पेटी लाकडावर लाकूड घासत ओढायला २४ किलोचा जोर लागतो. मेण किंवा साबण चोळला की कमी, आणि खाली रूळ बसवले की फारच कमी. म्हणजे पेटी हलकी ठेवणं ही सोय नव्हती, अट होती. म्हणूनच त्या काळच्या अशा घरांत भिंतींना बारीक चौकट आणि वर ताडपत्रीसारखं कापड खूप दिसतं.

पाऊस कोणत्या बाजूने शिरतो

दोन पेट्यांच्या मध्ये फट असणारच. फट नसेल तर सरकणार नाही. आणि फट असली की पाणी आलं.

कोकणातल्या कौलारू छपराला हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. कौलांमध्ये फटी असतातच, तरी घर गळत नाही, कारण वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं आणि पाणी उतारावरून पुढे जातं. पाण्याला उलटं चढून फटीत शिरावं लागेल अशी रचना केली की झालं. गाडीवरची मोठी पेटी जागेवर आणि लहान पेटी तिच्यातून बाहेर, अशी मांडणी असेल तर मोठीची कड लहानीच्या छपरावर पागोळीसारखी येते. लहान छपराला बाहेरच्या दिशेला थोडा उतार दिला की पाणी फटीपासून दूर पळतं. याउलट, आगपेटीसारखं बाहेरचं टरफल सरकवलं असतं, तर जागेवरच्या छपरावरचं पाणी थेट त्याच्या कडेखाली शिरलं असतं.

एवढं करूनही एक दुखणं उरतं, आणि ते आजच्या लाखो डॉलरच्या गाड्यांनाही आहे. रात्रभर पाऊस पडला, सकाळी निघायचंय. लहान पेटीच्या छपरावर पाणी साचलंय, पानं चिकटलीत. ती आत ढकलली की सगळं घरात. म्हणून आज लोक शिडी लावून, झाडू घेऊन छप्पर पुसतात, किंवा सरकत्या खोलीवर आपोआप उलगडणारं कापड बसवतात. तोंडाशी रबराची पट्टी असते, ती बरंच पाणी निपटून टाकते, पण रबर उन्हाने कडक होतं आणि पुन्हा गळायला लागतं. शंभर वर्षांत सगळ्यांत कमी प्रगती कुठे झाली असं विचाराल तर मी याच फटीकडे बोट दाखवेन.

त्याच काळात इतरांनी जागा वाढवण्याच्या दुसऱ्या तऱ्हा शोधल्या. सेंट लुइसच्या अनहॉयझर-बुश कंपनीचा बिअरचा धंदा १९२० साली दारूबंदीने बसला. हाताशी वाहनं बांधायचा कारखाना होता, कारागीर होते. १९२१च्या सुमारास त्यांनी लॅमस्टीड कॅम्पकार नावाची बॉडी काढली, मॉडेल टीच्या चॅसीवर बसणारी. तिच्या बाजूच्या भिंती खाली उलगडून बिछाने व्हायचे. मिशिगनमधल्या बे सिटीच्या झागेलमायर कंपनीनेही अशीच उघडणारी फिरती घरं विकली. उलगडणारी भिंत आणि सरकणारा खण यांत फरक असा, की बिजागरीवर उलगडणारी भिंत तिरकी होऊन अडकत नाही, पण तिचं छप्पर कापडाचंच राहतं. सरकत्या पेटीचं छप्पर टणक असू शकतं. अडकण्याचा त्रास पत्करून सुकं राहायचं, की सहज उघडून कापडाखाली झोपायचं, असा तो सौदा होता.

१९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे मोटारीने भटकणाऱ्यांनी टिन कॅन टूरिस्ट नावाची संघटना काढली. सदस्य आपल्या गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर एक पत्र्याचा डबा डाखून मिरवत. त्यांच्या तळांवर असली सगळ्या प्रकारची घरगुती कारागिरी पाहायला मिळे.

मग ही पेटी मागे का पडली? मुख्य कारण मला असं दिसतं, की मोटारीवर घर बांधलं की मोटार अडकते. खोली पसरली, पाय टेकले, चहा उकळला, आणि आता गावात जाऊन दूध आणायचंय. सगळं पुन्हा आत ढकला! त्यापेक्षा मागे ओढायचा ट्रेलर बरा. तळावर सोडायचा आणि मोटार मोकळी. शिवाय गाड्या ताकदवान झाल्या, रस्ते सुधारले. घर लहान करून नेण्याची सक्तीच कमी झाली.

डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांचा अनुभव यात फार बोलका आहे. त्यांनी उलगडणारा कापडी ट्रेलर घेतला होता. पाच मिनिटांत उभा राहतो असं विकणाऱ्याचं म्हणणं होतं. पहिल्याच सहलीत पाऊस आला आणि ते कुटुंब कापडाशी झुंजत भिजलं. शर्मन यांनी मग न उघडणारं, न मिटणारं, टणक भिंतींचं चौकोनी खोकं बांधून घेतलं, कव्हर्ड वॅगन नावाने विकायला काढलं, आणि १९३०च्या दशकाच्या मध्याला त्यांची कंपनी ट्रेलर बांधणाऱ्यांत आघाडीवर होती. पावसात उघडावं लागणाऱ्या घरापेक्षा अडचणीचं पण तयार घर लोकांनी निवडलं. त्यांना दोष देता येत नाही.

सरकती खोली परत आली ती वेगळ्या वाटेने. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी साधारण १०२ इंचांवर, म्हणजे २.६ मीटरवर बांधलेली आहे. गाड्या लांब होत होत ४० फुटांवर गेल्या तरी रुंदी तीच. आत आगगाडीच्या डब्यासारखं वाटायचं. लांबी पुरून उरत होती, कमतरता होती ती रुंदीची. म्हणून इंडियानातल्या न्यूमार कंपनीने १९९० साली आपल्या फिरत्या घरात बाजूची भिंत बाहेर सरकवली. मॉडेल टीची पेटी मागे गेली कारण तिथे माणसाची लांबी कमी पडत होती. ही बाजूला गेली कारण तिथे वावरायची रुंदी कमी पडत होती.

यंत्रणा बदलली, प्रश्न तेच. आता खोली शेकडो किलोंची असते. तिच्याखाली दातेरी पट्ट्या असतात आणि मोटरने फिरणारी दातेरी चाकं त्या पट्ट्यांना पुढे ढकलतात. पट्ट्या दोन असतात, डावीकडे आणि उजवीकडे, आणि एका दांड्याने जोडलेल्या असतात, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीने सरकाव्यात. दोन्ही कड्या एकदम ओढ, हेच ते. काही ठिकाणी पोलादी दोर आणि कप्प्या असतात, काही ठिकाणी तेलाच्या दाबाने चालणारे दट्टे. दोन बाजूंचा मेळ बिघडला की खोली तिरकी होऊन अडते, आणि मोटर जोर करत राहिली तर चौकट वाकते. पूर्ण बाहेर आली तरी आतला भाग धरून ठेवणारी मजबूत चौकट तिला लागतेच, कारण बहुतेक आधुनिक खोल्यांना जमिनीवर टेकणारा पाय नसतो. साडेतीनशेचे पन्नास करणारी ती सोय सोडून त्यांनी पोलाद वाढवलं आहे.

आपल्याकडे ही कल्पना पाहायची तर क्रिकेटच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या मोठ्या ओबी व्हॅनकडे पाहा. त्यातल्या काहींची बाजूची भिंत थांबल्यावर बाहेर सरकते आणि आत पडद्यांसमोर माणसांना बसायला जागा होते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे, तेव्हा अशी घरं आपल्या रस्त्यांवरही दिसू लागतील. घाटमाथ्यावरच्या पावसात त्या फटीची परीक्षा कशी होते ते पाहण्याची मला मनापासून उत्सुकता आहे.

मूळ पेटी पाहायची असेल तर अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी जावं लागेल. तिथल्या फिरत्या घरांच्या संग्रहालयात, आरव्ही/एमएच हॉल ऑफ फेममध्ये, टेलिस्कोप अपार्टमेंट चढवलेली मॉडेल टी ठेवलेली आहे. कधी गेलात तर आधी गाडीच्या पितळेकडे आणि चाकांच्या लाकडी आऱ्यांकडे बघू नका. खाली वाका आणि दोन पेट्या जिथे एकमेकींत शिरतात त्या खालच्या कडा शोधा. बाहेर किती आलं, आत किती उरलं, टोकाखाली टेकू कुठे येतो, आणि पागोळी कोणत्या बाजूला पडेल, एवढं पाहिलंत की ज्याने ती बांधली तो सुतार कसा विचार करत होता ते तुमच्या डोळ्यांसमोर येईल.